विमान एकदाच विकलं जातं, दुरुस्ती चाळीस वर्षं चालते: सोलापूरच्या वर्कशॉपवाल्यासाठी एचएएलची ओळख

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका तरुण वर्कशॉपवाल्याचा प्रश्न असा: "आमच्याकडे चार सीएनसी आणि एक व्हीएमसी अशा संगणकावर चालणाऱ्या मशीन आहेत. आजवर मोटारींचे आणि पंपांचे पार्ट केले. एचएएल लढाऊ विमानं बनवते एवढंच ऐकून आहे. ती कंपनी नक्की काय काय बनवते, कोणत्या सेवा देते, आणि आमच्यासारख्याला तिथे जागा आहे का?"

मी २८ वर्षं विमानांच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली, त्यातली बरीचशी ओव्हरहॉलच्या, म्हणजे विमान पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या, हँगरमध्ये. आता सोलापुरात परत आलोय आणि लहान वर्कशॉपना ड्रॉइंग आणि कागदपत्रं समजून घ्यायला मदत करतो. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी घरची गोष्ट. या कंपनीचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल), मूळ आपल्याच गावात आहे. वालचंद हिराचंद दोशी १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. यंत्रं आणि माणसं जमवायला अमेरिकेचे विल्यम पॉली मदतीला होते. १९४१ मध्ये पहिलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. लढाऊ विमानं बनवायची स्वप्नं होती, पण दुसरं महायुद्ध पूर्वेकडेही पेटलं, १९४२ मध्ये कारभार सरकारने हातात घेतला आणि १९४३ पासून तो कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या विमानांचा दुरुस्ती डेपो झाला. विमानं बनवायला काढलेला कारखाना तीन वर्षांत ओव्हरहॉलला लागला! पुढे १९६४ साली विलीनीकरण होऊन आजचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स हे नाव आलं. ही दुरुस्तीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

आता काय काय बनतं ते भराभर सांगतो. लढाऊ विमानांत तेजस, आणि परवान्याखाली बनवलेलं सुखोई-३०. सुखोई आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलं, दोनशेहून जास्त. तेजसच्या मार्क-१ए प्रकाराची ८३ विमानांची ऑर्डर २०२१ मध्ये निघाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची, ६२,३७० कोटींची. तेजसची एक लाइन आता ओझरलाही आहे, तिथलं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. शिकाऊ विमानांत एचटीटी-४०, छोट्या वाहतुकीसाठी कानपूरचं डॉर्नियर. हेलिकॉप्टरांत ध्रुव, त्याचाच सशस्त्र भाऊ रुद्र, हलकं एलयूएच, आणि डोंगराळ युद्धासाठी प्रचंड. प्रचंडची १५६ हेलिकॉप्टरांची ऑर्डर मार्च २०२५ मध्ये निघाली. तुमकुरूला हेलिकॉप्टरांचा नवा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला.

इंजिनांसाठी ओडिशातलं कोरापूट आणि बंगळुरू. पंप, व्हॉल्व्ह, लँडिंग गियर, हायड्रॉलिक अशा अॅक्सेसरीज लखनौला. इलेक्ट्रॉनिक्स हैदराबाद, कोरवा आणि कासरगोडला. तुम्ही पंपाचे पार्ट करता म्हणून सांगतो, बाकी नावं विसरलात तरी चालेल, लखनौ विसरू नका.

इथवरची माहिती तुम्हाला कुणीही दिली असती. पण नुसती विमानांची नावं पाठ करून ही कंपनी कळत नाही. मोटार कंपनी गाडी विकते आणि वॉरंटी संपली की गाडी बाहेरच्या गॅरेजवाल्याच्या हाती जाते. लढाऊ विमानाला बाहेरचं गॅरेज नसतं. ज्याने बनवलं त्यालाच ते बहुतेक वेळा तीस-चाळीस वर्षं सांभाळावं लागतं. मिग-२१ चंच बघा. ओझरला त्याचं उत्पादन १९८० च्या दशकात बंद झालं आणि शेवटची विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाली. मधल्या साडेतीन-चार दशकांत एकही नवं मिग-२१ बनलं नाही, तरी त्याचे पार्ट लागतच होते, इंजिनं उघडून परत बसवली जातच होती, काही विमानांना नवं रडार आणि नवी इलेक्ट्रॉनिक्स चढवून पुढची वर्षं काढायला पाठवलं गेलं. एचएएलच्या उत्पन्नातला अर्ध्याहून मोठा वाटा गेली काही वर्षं दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि सुट्या भागांतूनच येतोय. वर्तमानपत्रात मात्र फोटो नव्या विमानाचाच येतो.

ओव्हरहॉल म्हणजे काय, हे जरा सावकाश सांगतो.

प्रत्येक विमानाला दोन घड्याळं असतात. एक उड्डाणाच्या तासांचं, दुसरं कॅलेंडरचं. विमान उडालं नाही तरी रबर कडक होतं, सील सुकतात, सांध्यांत गंज धरतो, म्हणून दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरायचं. मुदत भरली की विमान हँगरमध्ये येतं आणि पहिले काही आठवडे फक्त उघडणं चालतं. पंख, इंजिन, टाक्या, केबल, हजारो पार्ट सुटे होतात आणि प्रत्येकाला चिठ्ठी लागते. मग धुणं, रंग उतरवणं आणि खरी परीक्षा: लाल रंगाचं डाय पेनिट्रंट, चुंबकीय कणांची चाचणी, एडी करंट, एक्स-रे. डोळ्याला दिसत नाही ती चीर शोधायची असते. त्यानंतर प्रत्येक पार्टचं तीनपैकी एक होतं: जसाच्या तसा परत, दुरुस्त करून परत, किंवा बाद. काही पार्ट असे असतात की ते कितीही चकचकीत दिसले तरी त्यांचे तास संपले की तोडून फेकायचे. नवख्या पोराला हे पचत नाही. "साहेब, हा तर नवा आहे," असं मला दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच.

बाद झालेल्या पार्टच्या जागी काय बसवायचं, इथे तुमचा प्रवेश होतो. त्याकडे येतोच, पण आधी सेवांचं उरलेलं सांगतो. इंजिनांचं ओव्हरहॉल हा स्वतंत्र धंदा आहे. सुखोईला दोन इंजिनं असतात, आणि विमानाचं शरीर चालू असेपर्यंत इंजिनं झिजून बदलावी लागतात, म्हणून २०२४ मध्ये हवाई दलाने एकट्या सुखोईसाठी २४० इंजिनांचा करार केला, २६,००० कोटींचा. जुन्या जॅग्वार आणि मिराजला नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवणं हेही सेवेतच येतं. ताफ्यातली अमुक टक्के हेलिकॉप्टरं कायम उडायला तयार राहतील असं बांधून देणारेही करार होतात. त्यात दर पार्टमागे वेगळे पैसे मिळत नाहीत, ठरलेली तयारी राखल्याचे मिळतात. शिवाय वैमानिक आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, तळावर जाऊन दुरुस्ती, आणि अपघातानंतरचा तपास.

तपासावरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि देशभरातली ध्रुव जमिनीवर आणली गेली. अशा वेळी कारखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो: असाच पार्ट, त्याच धातूच्या लॉटचा, आणखी कोणकोणत्या हेलिकॉप्टरमध्ये आहे? हे उत्तर ज्या कागदातून निघतं त्याला आम्ही ट्रेसेबिलिटी म्हणतो. धातूचा हीट नंबर (तो भट्टीतल्या कुठल्या घाण्यातून निघाला त्याचा क्रमांक), तो कापल्याची तारीख, मशीनवर कोण होतं, कुठल्या गेजने मोजलं, ते गेज कधी कॅलिब्रेट झालं होतं, हे सगळं त्यात असतं. पार्ट हातात धरल्यावर त्याचा जन्म सांगता आला नाही तर तो पार्टच नाही. मोजमाप मायक्रॉनात बरोबर असलं तरी नाही.

आता अवकाशाचं. एचएएलचा बंगळुरूतला एअरोस्पेस विभाग इस्रोसाठी रॉकेटांची शरीरं बनवतो. इंधनाच्या टाक्या, उष्णतेपासून वाचवणारं टोपण, टप्पे जोडणारे भाग, उपग्रहांचे सांगाडे. २०२० मध्ये त्यांनी द्रव हायड्रोजनची एक टाकी दिली, ४ मीटर व्यासाची आणि ८ मीटर लांबीची. तिच्यावर एकूण ११५ मीटर वेल्डिंग होतं आणि त्यातला इंचन् इंच एक्स-रेखाली गेला. आत उणे २५३ अंशांचा द्रव ठेवायचा, मग टाचणीच्या टोकाएवढी गळतीही चालत नाही. २०२२ मध्ये बंगळुरूतच अशा अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनांचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी एचएएल आणि एल अँड टी यांच्या जोडीला पाच पीएसएलव्ही अखंड बांधायचं काम मिळालं, आणि २०२५ मध्ये छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं तंत्रज्ञान एचएएलने बोली लावून घेतलं. म्हणजे सुटे भाग देणारा आता अख्खं रॉकेट देणारा होतोय.

आणि हे काही फक्त बंगळुरूचं कौतुक नाही. पुण्याला जाताना इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर लागतं, तेही त्याच सोलापूरच्या माणसाच्या नावाचं. तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने रॉकेटांच्या घन इंधनाच्या मोटारींची कवचं बनवली. चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं त्याच्या दोन्ही बाजूंचे जाड बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग स्टील या खास पोलादाचे. उसाच्या रसाची यंत्रं करणारे हात तिथवर पोचले.

पण विमान आणि रॉकेट यांच्या कामाचा स्वभाव उलटा आहे, आणि वर्कशॉपवाल्याने तो ओळखावा. विमानाचा पार्ट परत परत उघडला जातो, झिजतो, बदलला जातो. म्हणून त्याची ऑर्डर परत येते. रॉकेटचा पार्ट एकदाच वापरला जातो. तो बूस्टर दोन मिनिटांपेक्षा थोडाच जास्त जळतो आणि समुद्रात पडतो. तिथे सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" नाही. संख्या लहान, तपासणी प्रचंड, आणि पुढची ऑर्डर केव्हा येईल ते प्रक्षेपणाच्या वेळापत्रकावर. चंद्रावर नाव जाईल या हौसेने पहिलंच काम अवकाशाचं घेऊ नका. पाच वर्षांनी घ्या.

मग तुमची जागा कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नव्या तेजसच्या मोठ्या भागांच्या मागे लागू नका. ती कामं मोठ्या खाजगी कंपन्यांकडे गेली आहेत, तिथे पाच अक्षांच्या मशीन, मोठी शेड आणि बँकेचं पाठबळ लागतं. शिवाय नव्या विमानाचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. मार्क-१ए साठी अमेरिकेतून यायची इंजिनं अडली तेव्हा विमानांचं वेळापत्रकही मागे गेलं. तुम्ही एकाच कामासाठी मशीन घेतली असती तर हप्ते कुणी भरले असते?

तुमची जागा सुट्या भागांत आहे. ओव्हरहॉलमध्ये बाद होणारे बुश, पिन, ब्रॅकेट, नळ्या जोडणारे युनियन, व्हॉल्व्हच्या बॉडी, खास वॉशर. जुन्या रशियन आणि युरोपीय विमानांचे असे असंख्य पार्ट आजही बाहेरून येतात, किंवा येणं बंद झालंय. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सृजन नावाचं पोर्टल काढलं, त्यावर एचएएलसारख्या कंपन्या 'हे आम्ही आयात करतो, कुणी इथे बनवेल का' अशी यादीच टाकतात. तिथे बसून एक संध्याकाळ काढा. बऱ्याच वस्तू तुमच्या व्हीएमसीवर सहज होणाऱ्या दिसतील, आणि तिथेच फसायला होतं, कारण अडचण मशीनची नसतेच.

आकडे आधी पचवा. मोटारीचा पार्ट तुम्ही लाखांत काढता, सेटिंग एकदा आणि मग पोरगं जॉब लावतंय-काढतंय. इथे ऑर्डर असते ४० नगांची, कधी १२ ची. त्या बारांसाठी फिक्स्चर, प्रोग्रॅम, गेज, पहिल्या नगाचा संपूर्ण तपासणी अहवाल. याला फर्स्ट आर्टिकल म्हणतात. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन समोर मोजलेली किंमत लिहायची, सव्वाशे मापं असली तर सव्वाशे ओळी. मोटारीच्या कामात तुम्ही पीपीएपी, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं, भरत असाल, तर अर्धी सवय आहेच. फरक एवढा की तिथे प्रक्रिया सिद्ध झाली की नमुना तपासून भागतं, इथे महत्त्वाची मापं शंभर टक्के तपासायची. दर लावताना लोक फक्त कटिंगचा वेळ धरतात आणि पहिल्याच ऑर्डरला हात पोळतात. माझा ठोकताळा: मशीनला लागतो तेवढाच वेळ कागद आणि तपासणीला धरा. पहिल्या वर्षी दुप्पट.

सर्टिफिकेटचं बोलायचं तर आयएसओ ९००१ वर सुरुवात होते, पण गंभीर असाल तर एएस ९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्तेचं सर्टिफिकेट घ्या. हीट ट्रीटमेंट, अॅनोडायझिंग, कॅडमियम प्लेटिंग, क्रॅक तपासणी या प्रक्रिया मान्यता असलेल्या ठिकाणीच करून घ्याव्या लागतात. म्हणजे बहुधा पार्ट पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळुरूला जाऊन परत येणार. ती वाहतूक आणि ते दिवस कोटेशनमध्ये धरा. खास धातू बऱ्याचदा कंपनीच देते, बँक गॅरंटी घेऊन. तो धातू बिघडवलात तर भरपाई तुमची, आणि टायटॅनियमची एक छोटी कांडी बिघडली की दिवसाची कमाई गेली म्हणून समजा.

पैसे सावकाश येतात. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे आणि सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची असंही धोरण आहे, पण ते दिवस माल मान्य झाल्यापासून मोजतात, आणि मान्यता इन्स्पेक्शनच्या रांगेत असते. म्हणून मोटारीचं काम सोडू नका. एक मशीन, एक चांगला ऑपरेटर आणि लिहिण्याची आवड असलेलं एक माणूस या कामासाठी वेगळं काढा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा.

आता स्वभावाबद्दल, कारण वर्कशॉप बाद होतात ती बहुतेक याच ठिकाणी. एका पुरवठादाराकडे भोक किंचित मोठं पडलं. मोटारीच्या धंद्यातली सवय, त्याने गुपचूप बुश ठोकला, पॉलिश मारली आणि पाठवून दिलं. काम इतकं सफाईदार की मोजमापात कळलंच नसतं. एक्स-रेत कळलं. त्याचे आधीचे सगळे लॉट गोदामातून बाहेर काढले गेले आणि त्याचं नाव यादीतून कायमचं गेलं. त्याच सुमारास दुसऱ्या एकाकडे तशीच चूक झाली. त्याने पत्र लिहून कळवलं: अमुक नगाचं भोक इतक्याने मोठं आहे, वापरता येईल का बघा. डिझाइनवाल्यांनी हिशोब केला, सवलत दिली, पार्ट विमानात बसला. त्या माणसाला पुढे जास्त काम मिळालं. चूक कळवायची वाट या धंद्यात अधिकृत आहे, तिला कन्सेशन म्हणतात. तिची लाज वाटून घेऊ नका.

आणि दुसरी सवय हत्यारांची. आमच्या हँगरमध्ये एकदा संध्याकाळी एक छोटा आरसा कमी भरला. तीन विमानांवरचं काम थांबलं, रात्रभर टाक्यांत हात घालून शोधला. पहाटे एका जॅकेटच्या अस्तरात सापडला. इंजिनात एक वॉशर गेला तर काय होतं हे पाहिलेल्या माणसाला ती रात्र वाया गेली असं वाटत नाही. तुमच्या शेडमध्ये प्रत्येक पान्याची जागा भिंतीवर रंगवलेली असेल आणि टेबलाखाली धातूच्या चिप्सचा ढीग नसेल, तर तपासणीला आलेला माणूस निम्मा तिथेच खूश होतो. मशीनचं वय तो नंतर विचारतो.

आपले यंत्रमागवालेही विचारतात, कार्बन फायबरचं कापड आपल्या मागावर निघेल का? तेजसच्या शरीरात वजनाने जवळपास ४५ टक्के कंपोझिट, म्हणजे मुख्यतः कार्बनचा धागा आणि राळ यांचं साहित्य, आहे, म्हणून प्रश्न चुकीचा नाही. पण तो धागा ठिसूळ, तुटला की त्याची लव उडते, ती वीजवाहक असल्याने शेजारच्या विजेच्या मोटारी जाळते, आणि कापडाला मान्यता मिळायला वर्षं जातात. चादरीचा माग तिथे चालत नाही. विमानांची आच्छादनं, हत्यारांच्या पिशव्या, इंजिनाच्या तोंडावरची लाल झाकणं, हे मात्र आपल्या शिवणकामवाल्यांना जमण्यासारखं आहे आणि कुणी फारसं बघत नाही.

एचएएलचाच दरवाजा वाजवत बसायची गरजही नाही. हैदराबाद आपल्यापासून एका हमरस्त्यावर, तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे आदिबाटलाला अपाचे हेलिकॉप्टरांची शरीरं बनतात. बेळगावजवळ हत्तरगीला विमानाच्या पार्टांचा अख्खा पार्क आहे. या कंपन्यांनाही छोटे पार्ट करून देणारे हवे असतात, पैसे बरेचदा लवकर सुटतात, आणि तिथे वर्षभर काम केल्याचा कागद घेऊन एचएएलच्या नोंदणीला गेलात तर बोलणं सोपं होतं. तेलुगू आणि कन्नड आपल्याकडे घराघरात, तोही फायदा धरा. होटगी रोडच्या विमानतळासाठी आपण साखर कारखान्याची चिमणी पाडली, गोव्याचं विमान सुरू झालं, पण त्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानात सोलापूरचा एखादा पार्ट असावा, ही चर्चा अजून चहाच्या टपरीवरही ऐकली नाही.

सुरुवात अशी करा. सृजनवरच्या तीन वस्तू निवडा, सोप्या वाटणाऱ्या, आणि त्यांची ड्रॉइंग मिळवा. मापं शेवटी वाचा. आधी कोपऱ्यातल्या टिपा वाचा: धातू कुठला, कुठल्या स्पेसिफिकेशनचा, पृष्ठभागावर कुठली प्रक्रिया, कुठली चाचणी. प्रत्येक टिपेसमोर लिहा की हे सोलापुरात होतं, पुण्यात होतं, की कुठे होतं ते माहीत नाही. तिसऱ्या रकान्यात चारपेक्षा जास्त ओळी आल्या तर ते ड्रॉइंग सोडा, दुसरं घ्या. उरलेलं एक ड्रॉइंग आणि तो कागद घेऊन या, दर कसा लावायचा ते समोरासमोर बसून बघू.